एका टाइपरायटरची दोन मतं

६ जानेवारी

चि. चिंगीस आशीर्वाद,

साठी उलटून सहा वर्षं झाली तरी तुला चिंगी म्हणतो, याचा राग मानू नकोस. थोरल्या भावाला तेवढी एकच सवलत असते.

कामाचं लिहितो. संसदेत ते 'समान वागणूक विधेयक' आलंय, तू पेपरात वाचलं असशीलच. नोकरी, भाड्याचं घर, सभागृह, दवाखाना, कुठेही माणसाचा धर्म-पंथ बघून त्याला नाही म्हणायचं नाही. इथवर माझी काही तक्रार नाही. पण कलम नऊ बघ! धार्मिक संस्थांना या कायद्यातून सूट आहे, ती फक्त प्रार्थना चालवणाऱ्या आणि धर्म शिकवणाऱ्या माणसांपुरती. म्हणजे आपल्या प्रार्थनाघराच्या वृद्धाश्रमात उद्या माळी, स्वयंपाकी, नर्स कुठल्याही पंथाचे आले तरी आम्ही हूं की चूं करायचं नाही. घर आपलं आणि किल्ली सरकारची!

तुला आठवत असेल, आपल्या लहानपणी आपल्या प्रार्थनेवर बंदी होती. पडदे ओढून कोठीत बसायचो आणि तुला नेमकी तेव्हाच शिंक यायची, म्हणून आई तुझं नाक चिमटीत धरायची. ते दिवस पुन्हा येऊ नयेत, एवढंच माझं म्हणणं. म्हणून प्रार्थनाघराच्या समितीचा सचिव या नात्यानं खासदारसाहेबांना पत्र लिहायला घेतलं. अध्यक्ष कागद उलटासुलटा करून म्हणाले, "सचिव, हे पत्र आहे की कोंबडी शाईत पाय बुडवून फिरलीय?"

माझं अक्षर वाचणारी तू एकटीच. मसुदा पाठवतोय, टाइप करून दे. सोबत सही केलेले पाच कोरे कागद आहेत. एकावर हे पत्र टाइप करून तिथूनच परस्पर टपालात टाक. बाकीचे पुढे लागतील.

दादा

११ जानेवारी

ती. दादा,

नमस्कार. साष्टांग घातला असता, पण गुडघा एकदा खाली गेला की वर येत नाही.

पत्र टाइप केलं आणि टाकलं. 'आक्रमण' हा शब्द तू सात ठिकाणी वापरला होतास. मी तीन ठेवले. माझं मत म्हणून नाही, वाचणाऱ्याची दया म्हणून. बाकी शब्दन् शब्द तुझा आहे. कोर्टात चौतीस वर्षं न पटणारे निकाल टाइप केले, तेव्हा एक तुझं पत्र काय जड आहे!

आता न लपवता सांगते. त्याच दिवशी, त्याच टाइपरायटरवर मी खासदारांना माझंही एक पत्र लिहिलं. कलम नऊ आहे तसंच ठेवा, त्यातला काना-मात्रासुद्धा सैल करू नका, असं. कारण काय लिहिलं ते विचारू नकोस. ते माझ्यात आणि खासदारांत.

आणि दादा, कोऱ्या कागदावर सह्या? असल्या सह्यांनी रस्त्यावर आलेली घरं मी कोर्टात बघितलीत. उरलेले चार कागद कपाटात कुलपात ठेवलेत. किल्ली माझ्याकडे आहे, सरकारकडे नाही.

चिंगी

१९ जानेवारी

चिंगे, घरभेदी!

माझ्या पत्राची शाई वाळायच्या आत त्याच रिबिनीवर माझ्याविरुद्ध पत्र? असो. तू लहानपणीही माझ्या संघातून खेळायचीस आणि गोल समोरच्यांना द्यायचीस.

इथे एक नवंच त्रांगडं झालंय. अध्यक्षांनी सगळ्या नोकरमंडळींचे जुने अर्ज काढून तपासले. आमच्या नर्सबाई तीन वर्षांपूर्वी लागल्या. त्यांच्या अर्जात 'पंथ' या रकान्यात काय लिहिलंय माहीत आहे? 'बी पॉझिटिव्ह'. त्यांनी वरच्या ओळीतला रक्तगट खाली लिहिला की मुद्दाम लिहिला, देव जाणे. तीन वर्षं आम्ही कुणी ते वाचलं नाही. वाचलं असतं तरी मी म्हणालो असतो, बरं आहे, सकारात्मक बाई आहे.

तर त्या आपल्या पंथाच्या नाहीत. दुपारी बारा वाजता चादरींच्या खोलीत जाऊन दहा मिनिटं त्यांची त्यांची प्रार्थना करतात. आणि आमचे कप्तान, म्हणजे फेरीबोटीवर आयुष्य काढलेले ते ब्याण्णव वर्षांचे आजोबा, त्या वेळी आपली चाकाची खुर्ची दाराशी लावून बसतात आणि कुणी फिरकलं की जोरात खोकतात. मला इतके दिवस वाटायचं त्यांना दमा आहे. दोनदा डॉक्टर आणले मी त्यांच्यासाठी!

अध्यक्ष भडकलेत. समितीची बैठक लावलीय.

दादा

२४ जानेवारी

ती. दादा,

तीन वर्षांत त्या बाईंच्या हातून कधी औषध चुकलं? अंथरुणाला खिळलेल्या कुणाच्या पाठीला जखम झाली? कुणाला त्या टाकून बोलल्या? तू यातलं काहीच लिहिलं नाहीस, म्हणजे तसं काही झालेलं नाही. झालं असतं तर तू चार पानं लिहिली असतीस.

आपण पडद्यामागे बसून प्रार्थना करायचो. त्या चादरींमागे बसतात. तेव्हा बाहेर पहाऱ्याला वडील असायचे, इथे कप्तान आहेत. आता दार ठोठावणारे कोण झाले, ते तूच बघ.

कप्तानांना माझा नमस्कार सांग.

चिंगी

९ फेब्रुवारी

चिंगे,

खासदारांच्या कचेरीतून मला उत्तर आलं. आधी ते वाच, जसंच्या तसं उतरवतो:

"महोदय, समान वागणूक विधेयकाबाबत आपली दोन पत्रे या कार्यालयास प्राप्त झाली. आपल्या पहिल्या पत्रातील मताशी माननीय खासदार पूर्णपणे सहमत आहेत. आपल्या दुसऱ्या पत्रातील मताशीही माननीय खासदार पूर्णपणे सहमत आहेत. तथापि आपण पहिल्या पत्रात कलम नऊ सैल करावे व दुसऱ्या पत्रात ते करू नये असे म्हटले आहे. दोन्ही पत्रांवरील आद्याक्षर, आडनाव व गावाचा शिक्का एकच असून दोन्हींमधील 'र' हे अक्षर ओळीच्या वर उडालेले आहे. सबब आपले निश्चित मत काय, ते आपल्या कुटुंबीयांशी विचारविनिमय करून कळवावे. संदर्भासाठी दुसऱ्या पत्राची प्रत सोबत जोडली आहे."

मी मोठ्यानं हसलो. कप्तानांना वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, "वारा दोन्ही बाजूंनी आला की बोट जागच्या जागी फिरते. हा तुमचा खासदार तीस वर्षं तसाच फिरतोय."

मग मी ती सोबतची प्रत वाचली.

"माझे पती वारले तेव्हा शोकसभेसाठी मी माझ्या माहेरच्या प्रार्थनाघराचं सभागृह मागितलं. ते आमच्या पंथाचे नव्हते म्हणून नकार आला. नकाराखाली सचिवांची सही होती. सचिव माझे कुणी लागत नाहीत, असं मी त्या दिवशी मनाशी म्हटलं. पण ते लागतात. म्हणून हा कायदा हवा. आपल्या माणसाला नाही म्हणणं अवघड जावं, यासाठी."

चिंगे, मी तुला तेव्हा सांगितलं होतं की मी बाहेरगावी होतो, समितीनं परस्पर ठरवलं. मी गावातच होतो. माझी सही कुणालाच वाचता येत नाही, असं मला वाटायचं.

तुला येते, हे विसरलो होतो.

दादा

१३ फेब्रुवारी

ती. दादा,

हो, माहीत होतं. सात वर्षं.

शोकसभा मग ह्यांच्या शाळेत, चित्रकलेच्या वर्गात झाली. ड्रॉइंग मास्तरांची सभा, तीही स्टुलांवर बसून. पाठ टेकायला काही नव्हतं म्हणून भाषणं आखूड झाली. ह्यांना आवडलं असतं.

कचेरीला कळवलंय की लग्नानंतरही मी माहेरचंच आडनाव लावते, आपण दोघं आहोत, आणि दोघंही शुद्धीवर आहोत. 'र' दुरुस्त करून घेणार नाही. त्याला वर राहायचंय तर राहू दे.

बाकीचं आता नको. नर्सबाईंचं काय झालं?

चिंगी

१ मार्च

चि. चिंगीस,

तू विचारलंस आणि मी पंधरा दिवस उत्तर टाळलं. बैठक झाली. कायदा व्हायच्या आत उरकून घ्या, असं अध्यक्षांचं म्हणणं. नर्सबाईंना महिनाअखेर कमी करायचं ठरलं. पत्र सचिवानं द्यायचं.

मसुदा सोबत आहे. 'प्रशासकीय कारणास्तव' एवढंच लिहिलंय, म्हणजे त्यांना लागू नये. तुझ्याकडच्या एका कागदावर टाइप करून पाठव. माझ्या अक्षरात असलं पत्र देणं बरं दिसत नाही.

मला हे गोड वाटतंय असं समजू नकोस. पण सचिव म्हणजे समितीचा हात. हाताला मत नसतं.

दादा

५ मार्च

दादा,

तुझे चारही कोरे कागद परत पाठवतेय. मोजून घे.

खासदारांना लिहिलंस ते तुझं मत होतं. मला पटलं नाही, तरी टाइप केलं, कारण मत मांडायचा तुला हक्क आहे आणि माझी बोटं तुझ्या हक्काची आहेत. पण हे मत नाही. हे एका बाईच्या पोटावर पाय देणं आहे, आणि वर 'प्रशासकीय' म्हणून पायाला मोजा घालणं आहे.

हाताला मत नसेल तर त्या हातानंच लिही. आणि लिहून झालं की टपालात टाकू नकोस. समोर उभं राहून दे.

चिंगी

१४ मार्च

चिंगे,

समोर उभा राहिलो नाही. तेवढं धैर्य नव्हतं. चार दिवस खपून पत्र स्वतःच्या हातानं लिहिलं, नर्सबाईंच्या औषधांच्या कपाटावर ठेवलं आणि बागेत जाऊन कुंड्या बघत बसलो. दहा मिनिटांत त्या कागद घेऊन हजर. मागे चाकाच्या खुर्चीत कप्तान आणि त्यांच्या मागे सहा-सात जणांची मिरवणूक.

"सचिवसाहेब, मी वीस वर्षं डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचतेय. पण हे काही लागत नाही. काय लिहिलंय, वाचून दाखवता?"

मी चष्मा लावला. घसा साफ केला. "आपणांस कळवण्यात येते की..."

"की?"

"की चादरी..."

"चादरींचं काय?"

"चादरी वेळच्या वेळी बदलल्या जातात, याबद्दल समिती आपली आभारी आहे."

कप्तान खोकले. नर्सबाईंनी कागद उलटून पाहिला. "एवढ्याशा आभाराला दोन पानं?"

"उशांचंही आहे त्यात," मी म्हणालो.

कुणी हसलं नाही. बाई हळूच म्हणाल्या, "मला काढलंय, होय ना? अध्यक्षांनी रकान्याचं विचारलं तेव्हाच समजले. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं, इतकंच. रोज सकाळी तुम्ही आश्रमात आलात की तुमच्या डाव्या कानात थेंब घालते मी. त्या कानाला ऐकू येत नाही हे माहीत असूनही, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून घालते. माझं काम आहे ते."

चिंगे, सात वर्षांपूर्वी तू अशी समोर असतीस तर माझी सही झाली नसती. कागदाला तोंड नसतं, म्हणून त्याच्यावर काहीही लिहिता येतं. मी पत्र फाडलं. नीट फाडता आलं नाही. मग उरलेलं नर्सबाईंनीच फाडलं, हसत हसत.

समितीला सांगितलं की सचिव असलं पत्र देणार नाही. अध्यक्ष म्हणाले, "मग दुसरा सचिव देईल." तेवढ्यात कप्तान खुर्ची ढकलत आत आले. आश्रमातल्या एकवीसच्या एकवीस म्हाताऱ्यांनी लिहून दिलं होतं की नर्सबाई गेल्या तर आम्ही दुसऱ्या कुणाच्याही हातची गोळी घेणार नाही. सतरा सह्या, चार अंगठे. अध्यक्ष ऐटीत वाचायला लागले आणि सहाव्या नावावर थांबले. ती सही खोली क्रमांक सहाची होती. त्यांच्या मातोश्रींची.

नर्सबाई राहिल्या. सचिवपद माझ्याकडून काढून घेतलं. दोन्ही ठराव एकाच बैठकीत, एकमतानं!

दादा

१८ मार्च

ती. दादा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. शेजारीण विचारायला आली, एवढं काय हसताय? सांगायला गेले आणि उशांपाशी आल्यावर मला बोलताच येईना.

आता ऐक. खासदारांचा नाद सोड. संसदेची एक समिती या विधेयकावर राजधानीत लोकांचं म्हणणं ऐकणार आहे. ४ एप्रिल, सकाळी अकरा. कुणालाही पाच मिनिटं मिळतात, नाव आधी कळवायचं. मी तुझं नाव कळवलंय. सही तुझी नव्हती, माझीच केली, अर्जदाराची बहीण म्हणून.

काय बोलायचं ते मी सांगणार नाही. लिहून नेऊ नकोस, तुझं तुलाच वाचता येत नाही.

चिंगी

६ एप्रिल

चि. चिंगीस,

जाऊन आलो. सगळं क्रमानं सांगतो.

बसमध्ये चष्मा शेजारी सीटवर ठेवला होता. उतरायला सरकताना त्याच्यावरच बसलो. त्यामुळे संसदेची ती भव्य इमारत मला दुधात बुडवल्यासारखी दिसली. समितीच्या अध्यक्षबाई माझ्या डाव्या हाताला होत्या. त्यांनी काहीतरी विचारलं. मला वाटलं विचारताहेत, उभ्यानं बोलणार की बसून? मी म्हणालो, "उभ्यानं." सगळे हसले. शिपायानं उजव्या कानात सांगितलं, "संस्थेतर्फे बोलताय की स्वतःतर्फे, असं विचारतात."

मी म्हणालो, "स्वतःतर्फे. संस्थेतर्फे आजवर पुष्कळ बोललो."

मग मी कोठीतल्या प्रार्थनेचं सांगितलं. म्हणालो, "आमची प्रार्थना कुणी म्हणायची, आमच्या मुलांना आमचा धर्म कुणी शिकवायचा, हे सरकारनं ठरवू नये. बंदी मी पाहिलीय. त्याबाबत मी आजही हटणार नाही. पण चादर कुणी बदलायची, औषध कुणी द्यायचं, यात माझ्या देवाला काही विचारायचं असेल असं मला वाटत नाही. मी त्याच्या नावानं विचारत होतो. आणि सभागृहाचं म्हणाल, तर मेलेल्या माणसाला खुर्ची लागत नाही. त्याच्यासाठी रडणाऱ्यांना लागते. कलम नऊ आहे तसंच ठेवा. जानेवारीत मी याच्या उलट लिहिलं होतं. ते पत्रही माझंच आहे, नाकारत नाही."

घंटा वाजायच्या आतच थांबलो. सव्वा मिनिट शिल्लक असताना संपवलं, असं शिपाई म्हणाला.

बाहेर आलो तर रस्ता दिसेना. पांढऱ्या केसांची, मफलर गुंडाळलेली एक बाई उभी होती. विचारलं, "बाई, बस कुठे थांबते?" तिनं माझा हात धरला आणि थांब्यापर्यंत चालत आली. फार भली बाई. काहीबाही बोलत होती, पण माझ्या डाव्या बाजूनं चालत होती, त्यामुळे शब्द कळला नाही. अनोळखी माणसाशी बोलायला बरं असतं. मी तिला सगळं सांगितलं. म्हटलं, मला एक बहीण आहे, महाखडूस, जगात तिच्याइतकं हट्टी कुणी नाही. तिच्या नवऱ्याच्या शोकसभेला मी सभागृह नाकारलं आणि वर खोटं बोललो. माफी मागायला किती दिवस शब्द जुळवतोय. पत्रात लिहावं तर ती आधी शुद्धलेखन तपासेल.

बस आली. बाईनं मला चढवून दिलं. खिडकीतून हात केला, पण ती कुठे उभी होती ते दिसलं नाही.

दादा

३० एप्रिल

ती. दादा,

उत्तराला उशीर झाला. पाच वेळा कागद मशीनला लावला आणि पाच वेळा काढला.

आधी बातमी. गेल्या आठवड्यात विधेयक मंजूर झालं. कलम नऊ जसंच्या तसं. सभागृह भाड्यानं देणाऱ्यानं कुणालाही पंथावरून नाकारायचं नाही, तेही राहिलं. आपले खासदार मतदानाला गैरहजर होते, पोट बिघडलं म्हणे. आज त्यांच्या कचेरीचं पत्र आलं, की निकालाशी माननीय खासदार पूर्णपणे सहमत आहेत.

आता दुसरं. ४ तारखेला मी पहाटेच्या गाडीनं राजधानीला गेले होते. शेवटच्या रांगेत बसले होते. तू उभ्यानं बोलतो म्हणालास तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं हसणारी मीच. बाहेर तुझ्यासमोर येऊन उभी राहिले आणि तू मला म्हणालास, "बाई, बस कुठे थांबते?"

सात वर्षांत मी एवढी म्हातारी झालेय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी मुद्दाम गप्प राहिले असं समजू नकोस. थांब्यापर्यंत अखंड बोलत होते. तुला ऐकू गेलं नाही ते एका अर्थी बरंच झालं. अर्ध्या रस्त्यापर्यंत मी तुला मनसोक्त शिव्या घातल्या. पुढच्या अर्ध्या रस्त्यात तू बोलत राहिलास, आणि मीही बोलत राहिले. तेव्हा काय म्हणाले ते टाइप करून पाठवण्यासारखं नाही. ऐकायचं असेल तर चष्मा नवा कर आणि इथे ये. तुला माझ्या डाव्या हाताला बसवीन, म्हणजे तुझा उजवा कान माझ्याकडे येईल.

चिंगी